आजींचं माहेरचं नाव

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या आजेसासूबाईंचं पाळण्यातलं नाव काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे का? मला माझ्या आजेसासूबाईंचं ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे कधी मनातही आलं नव्हतं. आलं ते शेजारच्या घरातल्या एका प्रसंगामुळे.

आर्णीतली आमची गल्ली जुनी आहे. घरं एकमेकांना इतकी खेटून, की एका घरी फोडणी पडली की दुसऱ्या घरी शिंक यावी. आमच्या अगदी समोर एक आजी राहायच्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्या गेल्या. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी असण्याचे ते दिवस. प्रत्यक्षात वीससुद्धा जमले नाहीत. चौघंजण घेऊन गेले आणि आम्ही बाकीचे दाराआडून बघत राहिलो. तेरवी झाली नाही. एरवी आमच्याकडे तेरवीची पंगत उठली की मंडळी ओसरीवर बसतात आणि गेलेल्या माणसाच्या गोष्टी निघतात. थोडं रडणं होतं, थोडं हसणंही होतं. आजींच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

म्हणून वर्षश्राद्धाला सगळ्यांना बोलवायचं असं त्यांच्या मुलांनी ठरवलं. धाकट्यानं यवतमाळहून मोठा फोटो करून आणला. खाली आजींचं नाव आणि जन्म-मृत्यूच्या तारखा. जन्मतारीख होती १ जानेवारी १९३५. ती आधार कार्डावरून घेतलेली. आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा जन्म कागदोपत्री एक जानेवारीचाच असतो, हे तुम्हीही पाहिलं असेल.

फोटोला हार घालत असताना आजींची पणती, पाचवीतली पोर, मध्येच म्हणाली, "हे तर लग्नानंतरचं नाव ना? मग पणजीचं आधीचं नाव काय होतं?"

थोरल्या मुलानं धाकट्याकडं पाहिलं, धाकट्यानं बायकोकडं. माहेरचं आडनाव सांगता आलं, गाव सांगता आलं. नाव मात्र कुणालाच येईना. थोरल्या सूनबाई म्हणाल्या, "आमी तं आईच म्हनत होतो न वं," आणि पुऱ्या वाढायला आत निघून गेल्या.

खरं सांगू का, त्या घरातल्या माणसांपेक्षा माझीच मान जास्त खाली गेली. आजी रोज संध्याकाळी ओट्यावर बसायच्या. मी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. शाळेतून येताना दिसले की त्या हाक मारायच्या, "ये वं पोरी, बस जराशी. पैनगंगेच्या पल्याडची गोष्ट सांगतो तुले." आणि मी म्हणायची, "आजी, पेपर तपासायचेत, उद्या येते." एकदा वीज गेली होती म्हणून बसले, तेव्हा अर्धी गोष्ट पदरात पडली.

गोष्ट १९४८ सालची. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण पैनगंगेच्या पलीकडचा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथं स्वातंत्र्य पोचायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. मधले तेरा महिने रझाकारांच्या दहशतीचे. नदीच्या अलीकडे आपलं वऱ्हाड. तिकडची पुष्कळ कुटुंबं तेव्हा नदी ओलांडून इकडे आली. शाळेच्या पुस्तकात हे सगळं चार ओळींत आटोपतं. आजी तेव्हा आठ वर्षांच्या होत्या आणि त्यांना ती रात्र लख्ख आठवत होती. आवाज होऊ नये म्हणून बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून ठेवल्या होत्या. चाकांना दोनदा वंगण घातलं होतं. जातं गाडीत मावेना म्हणून मागेच राहिलं, आणि त्यांच्या आईला घरापेक्षा त्या जात्याचंच जास्त लागलं. गाडी पाण्यात मध्यावर आली तेव्हा आईनं मांडीवरचं एक गाठोडं नदीत सोडून दिलं.

"काय होतं त्यात?" मी विचारलं. तेवढ्यात वीज आली आणि आमच्या घरून मुलानं हाक मारली. आजी म्हणाल्या, "जाय, पोरगं बलावते. उद्या सांगतो."

त्या गाठोड्यात काय होतं हे सांगणारं आता कुणी नाही. त्यांच्या मुलांना विचारलं, तर त्यांना गाठोडं सोडाच, घंटा काढल्याचंही ठाऊक नव्हतं. "आई तिकून आली, एवढंच," ते म्हणाले. मुलांचाही दोष नाही. आईनं सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. जिनं विचारायला हवं होतं, तिला दहावीचे पेपर तपासायचे होते.

वर्षश्राद्धानंतर थोड्याच दिवसांनी अक्षय्य तृतीया आली. आपल्या विदर्भात या दिवशी पितरांच्या नावानं घागर भरतात, पत्रावळीवर पुरणपोळी, कुरडई, आंब्याचा रस, चिंचेचं पन्हं असं वाढतात, आणि एकेकाचं नाव घेऊन पाणी सोडतात. आमच्या घरी मामाजी, म्हणजे माझे सासरे, नावं घेत होते. वडील, आजोबा, पणजोबा, त्यांचेही वडील, अशी पुरुषांची चार पिढ्यांची नावं न अडखळता आली. बायकांकडे वळले तेव्हा आई झाली, आजी झाली आणि पुढे "साऱ्या माउल्या" म्हणून त्यांनी एकदम पाणी सोडलं. दरवर्षी मी हे ऐकत आले आहे. त्या वर्षी पहिल्यांदा कानाला खटकलं. मी विचारलं, "मामाजी, पणजीचं नाव?" ते जरा वेळ घागरीकडं बघत राहिले. म्हणाले, "नाही बा माहीत. आन् आजीचं घेतलं तेही इकडचंच हाय."

इकडचं म्हणजे सासरचं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव कोरतात, पेढे वाटतात आणि जुनं नाव त्याच तांदळात मोडून जातं. पुढे तिला कुणाची सून, कुणाची बायको, मग कुणाची आई म्हणून हाक पडते. म्हातारपणी तर नुसतीच म्हातारी. माझं स्वतःचंही नाव बदललं आहे. मला तेव्हा हौसच वाटली होती, हेही कबूल करते.

थोरामोठ्यांच्या घरीही हे असंच होतं. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई माहेरी यमुना होत्या. आपल्या पहिल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी, त्याही माहेरी यमुनाच. लक्ष्मीबाई टिळक होत्या मनकर्णिका, लाडानं मनू. या तिघींची नावं आज आपल्याला सांगता येतात, कारण रमाबाईंनी १९१० साली आपल्या आठवणींचं पुस्तक काढलं, लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली आणि आनंदीबाईंबद्दल इतरांनी लिहून ठेवलं. ज्यांनी लिहिलं नाही आणि ज्यांच्याबद्दल कुणी लिहिलं नाही, त्यांचं काय? २०१९ साली यवतमाळला साहित्य संमेलन झालं, त्याच्या अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. त्यांचं 'विस्मृतिचित्रे' नावाचं पुस्तक आहे, एकोणिसाव्या शतकातल्या विसरल्या गेलेल्या बायकांवरचं. नावातच सगळं आलं.

सरकारी दप्तरात तरी नाव सापडेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. आपल्या भागात पूर्वी गावचा कोतवाल जन्ममृत्यूची नोंद ठेवायचा. आता जात पडताळणीच्या वेळी लोक तहसिलीतून त्याच कोतवाल बुकाच्या नकला काढून आणतात. आमच्या पुतण्यासाठी अशी नक्कल काढली तेव्हा मी मुद्दाम वाचून पाहिली. तारीख, बापाचं नाव, जात, आणि पुढे एकच शब्द, "मुलगी". बारसं व्हायच्या आधीची नोंद, त्यात नाव कुठून येणार? आणि जन्म देणारी? तिचाही पत्ता नाही. आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचं नाव लावणं महाराष्ट्रात सक्तीचं झालं आहे. आनंद आहे. पण त्याचा उपयोग पुढच्यांना. मागच्यांसाठी आपल्यालाच काहीतरी करायला हवं.

मी काय केलं ते सांगते. दोनशे पानी एक वही आणली. आधी वाटलं, शाळेतल्या मुलांकडून करून घ्यावं. आठवीला निबंध दिला, 'आमच्या घरातली गेलेली माणसं'. वह्या आल्या, आणि एकामागून एक तेच. "माझी आजी खूप प्रेमळ होती. ती मला छान छान गोष्टी सांगायची. ती आता देवाघरी आहे." कुणाचीही आजी उचलून कुणाच्याही वहीत घालावी! एका मुलीनं मात्र लिहिलं होतं, की कापूस वेचताना बोंडाची टोकं लागून आजीची बोटं फाटायची, रात्री ती बोटांना कोमट तेल लावायची, आणि त्या हातानं आंघोळ घातली की पाठीला खरखरीत लागायचं, म्हणून ही रडायची. मी ती वही स्टाफरूममध्ये वाचून दाखवली. एका पानात ती बाई समोर उभी राहिली. प्रेमळ हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

मग मी ठरवलं की आपल्या गल्लीतल्या गेलेल्या माणसांचं एकेक पान लिहायचं, आणि प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ हे तीन शब्द वापरायचे नाहीत. तुम्ही करून पाहा. फार अवघड जातं.

समोरच्या आजींचं पान पहिलं. नावाची जागा कोरी सोडली होती. ती भरली दिवाळीच्या आवराआवरीत, आणि कशी भरली ते ऐकण्यासारखं आहे. जुनी भांडी घेऊन स्टीलची देणारा गल्लीत आला होता. समोरच्या धाकट्या सूनबाईंनी माळ्यावरून पितळी गुंड खाली काढला. काळाठिक्कर, बुडाला पोचा आलेला. मोडीच्या भावानं किती येतील म्हणून तो आधी जरा घासून पाहावा, एवढाच त्यांचा हेतू. पितळेला चिंच आणि मीठ लावून दहा मिनिटं ठेवलं की काळेपणा सुटतो, हे तुम्हाला सांगायला नको. तसं ठेवलं, राखेनं घासलं, आणि काठाखाली टिंबाटिंबांची अक्षरं दिसायला लागली. त्या मला हाका मारत सुटल्या, "मॅडम, या वं लवकर!"

पूर्वी लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव घालून घ्यायची पद्धत होती. कुणी दिलं, कुणाला दिलं, कोणत्या साली. त्या गुंडावर होतं, "चि." आणि पुढे एक नाव, मग "हिस मामाकडून, सन १९५६". पणतीनं ते मोठ्यानं वाचलं. घरात पहिल्यांदाच त्या नावाचा उच्चार झाला असेल. नाव मी इथं छापत नाही, तो त्यांच्या घरचा ठेवा आहे. पण माझ्या वहीतली जागा भरली. शिवाय हिशेबही लागला. १९४८ ला आठ वर्षांच्या, म्हणजे लग्नात सोळाच्या. आधार कार्डानं आजींना फुकट पाच वर्षांनी म्हातारं केलं होतं! भांडेवाला तेवढ्यात पुढच्या गल्लीत गेला. गुंड आता त्यांच्या बैठकीत आहे.

तेव्हा तुमच्या माळ्यावरची जुनी भांडी मोडीत घालण्याआधी एकदा घासून, उजेडात धरून बघा. तांब्याचं घंगाळ, डबा, परात, पानाचं तबक. अक्षरं बुडाशी किंवा काठाच्या आतल्या बाजूलाही असतात. पीठ भुरभुरून हलकेच पुसलं की पुसट टिंबंही दिसतात. सासरचे-माहेरचे फोटो असतील तर पाठीमागची बाजू पाहा. आणि हो, पोथीचं पहिलं पान.

पुढचं पान चुडीवाल्या खालाचं. आमच्या आर्णीत बाबा कंबलपोशांचा दर्गा आहे, उरुसाला सगळ्याच धर्मांची माणसं जातात. खालाची दुरडी उरुसात मांडलेली असायची, आणि एरवी त्या घरोघर फिरायच्या. श्रावणाच्या तोंडावर आणि लग्नसराईत त्यांची वाट बघितली जायची. २०१९ साली त्या गेल्या तेव्हा आम्ही बायका घरी जाऊन आलो, "बिचारी चांगली होती" म्हणालो आणि आपापल्या कामाला लागलो. वहीसाठी म्हणून गल्लीतल्या बायकांना त्यांच्याबद्दल विचारत फिरले तेव्हा कळलं की आम्हाला काहीच माहीत नव्हतं.

बांगड्यांच्या मापाचं तुम्हाला ठाऊकच आहे, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. हे आकडे म्हणजे इंच आणि इंचाचे सोळावे भाग. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच. खालाला लिहिता येत नव्हतं, पण गल्लीतल्या प्रत्येकीचं माप तोंडपाठ होतं. सासरी गेलेली मुलगी पहिल्या सणाला माहेरी आली की खाला बांगड्या भरायला यायच्या, हाताची हाडं दाबून बघायच्या आणि कुणाला न सांगता समजून जायच्या. "हात बारीक हो गया ना बेटी, खाती नै क्या?" एका घरची मुलगी दोन-सहाची गेली आणि वर्षाच्या आत दोन-चारची होऊन आली. खालानं बांगड्या भरल्या, पैसे घेतले, आणि जाताना तिच्या आईला मागच्या दारी बोलावून तेवढंच सांगितलं. आईनं मुलीला परत पाठवलं नाही. ती मुलगी आज पन्नाशीची आहे, स्वतःच्या पायावर उभी आहे, आणि हे तिनंच मला सांगितलं. आम्ही त्या खालाशी आयुष्यभर डझनामागे चार आण्यांची घासाघीस केली.

आणखी एक. नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडतात, तो प्रकार झाला की महिना-दोन महिन्यांनी खाला त्या घरी जायच्या आणि दोन साध्या काचेच्या बांगड्या ठेवून यायच्या. घालायच्या तर घाल, नाही तर राहू दे. पैसे घ्यायच्या नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडू नयेत असा ठराव केला, वर्तमानपत्रांत केवढं आलं. आमच्या खाला त्याच्या तीन वर्षं आधीच गेल्या होत्या. कुणी ठराव करायला सांगितला असता तर त्या हसल्या असत्या. या बांगड्या मिळालेल्या दोघी मला भेटल्या. एकीनं त्या घातल्या होत्या. दुसरीनं डब्यात ठेवल्या आहेत, अजून आहेत.

पोस्टमन काकांचं पान लहान आहे, कारण त्यांनी कुणाचं काही सांगितलंच नाही. ज्या बायकांना वाचता येत नसे त्यांना ते पत्र वाचून दाखवत आणि उत्तरही लिहून देत. पत्रातलं वाईट वाचायचं आलं की आधी पाणी मागायचे, म्हणजे बाई आत जाऊन येईपर्यंत कसं सांगायचं ते ठरवता येई, असं त्यांच्या घरून कळलं. तारा त्यांना आवडत नसत. तारेची सेवाच जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा निवृत्त होऊन बसलेल्या काकांनी घरी शिरा करायला लावला होता!

तुम्ही म्हणाल, सगळी माणसं चांगलीच होती का? नव्हती. वहीत एक पान असं आहे, की ते लिहावं की नाही यावर मी आठ दिवस घालवले. आमच्या भागातले एक प्रतिष्ठित गृहस्थ. शोकसभा झाली तेव्हा सगळे त्यांच्याबद्दल भरभरून बोलले, आणि ते खोटंही नव्हतं. कितीतरी मुलांच्या फिया त्यांनी भरल्या होत्या. मी त्यांच्या पत्नीकडे गेले ते आणखी दोन चांगल्या गोष्टी मिळतील म्हणून. आजींनी चहा केला, शेंगदाण्याचा लाडू दिला आणि म्हणाल्या, "लिवतेस तं हेबी लिव," आणि मनगटावरचा वाकडा झालेला सांधा दाखवला. चाळीस वर्षं तो हात त्यांनी पदराखाली ठेवला होता. "मी हाय तोवर कोनाले दाखवू नोको." आता त्याही नाहीत. मी दोन्ही लिहिलं आहे, फिया आणि मनगट, एकाच पानावर. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं म्हणतात. मीही लहानपणापासून तेच ऐकत आले. पण त्या आजीसुद्धा गेलेल्याच माणसांपैकी आहेत, आणि त्यांचं खरं लिहायचं तर दुसरा रस्ता मला सापडला नाही. नाव-गाव कळेल असं काही मी इथं दिलेलं नाही. तुमच्या मते मी चुकले असेन तर तसं कळवा.

कसं विचारायचं, हे पुष्कळ मैत्रिणी मला विचारतात. "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" असं कधी म्हणू नका. "माह्या आयुष्यात काय हाय वं," एवढंच उत्तर येतं. हातात काम असताना बसा. तुरीच्या शेंगा सोलताना, तांदूळ निवडताना, गव्हाचा चीक काढून कुरडया घालताना. हात चालत असले की तोंडही चालतं. विचारायचं ते वस्तूबद्दल. हा पाटा कुठला? पहिलं लुगडं कुणी घेतलं? पावसात चूल कशी पेटवायचात? वय विचारलं तर ठोकून देतात काहीतरी. त्याऐवजी आठवण विचारा. गांधीजी गेले तेव्हा तुम्ही केवढ्या होता? नाईकसाहेब मुख्यमंत्री झाले तेव्हा कोणतं मूल पोटात होतं? वसंतराव नाईक आपल्या पुसदचे, १९६३ च्या डिसेंबरात मुख्यमंत्री झाले, त्यामुळे आमच्या जिल्ह्यात ही खूण हमखास लागते. १९७२ चा दुष्काळ, १९८० च्या फेब्रुवारीतलं मोठं सूर्यग्रहण, याही चांगल्या खुणा आहेत. मोबाइलवर आवाज घेता येतो हे खरं, पण मोबाइल समोर धरला की बायका रेडिओवर बोलल्यासारख्या बोलतात. तो बाजूला उशीजवळ ठेवावा, आणि ठेवला आहे हे सांगून ठेवावा. चोरून घेऊ नये.

आणि जिच्याकडून ऐकलं तिचं नाव-गाव तिथंच लिहावं. हे मी शिकले हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या कामाबद्दल वाचून. या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या, आणि ओवीबरोबर गाणारणीचं नाव आणि गाव टिपून ठेवलं. गी प्वातव्हाँ २००४ ला गेले, हेमाताई २०१० ला. ओव्या आहेत, बायकांची नावं आहेत. नाही तर आपल्याकडे 'एक बाई म्हणाली' एवढ्यावर भागवतात.

माझी वही अजून अर्धीही भरलेली नाही. बारा पानं पुरी आहेत, पाच अर्धवट. सुईण आजीचं पान रिकामंच आहे. मला स्वतःला त्यांनीच पहिली आंघोळ घातली असं माझी आई सांगते, पण त्यांच्याबद्दल बोलणाऱ्या दोघीच उरल्या आहेत आणि दोघींचं एकमेकींशी पटत नाही. एक म्हणते ती माहूरकडची, दुसरी म्हणते दिग्रसची.

परवा रात्री जेवणं झाल्यावर मी वही घेऊन बसले होते. सासूबाई भाजी निवडत होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मेलेल्याइचंच लिवतेस का वं तू?"

मी म्हटलं, "हो आई, गेलेल्या माणसांची वही आहे ती."

"मंग माहं पान कवा लिवशीन? मी गेल्यावर? तवा चुका कोन दुरुस्त करन?"

मी नवं पान काढलं. वरती त्यांचं नाव लिहिलं, नेहमीचंच. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि माझ्या हातातलं पेन घेतलं. त्या चौथी शिकलेल्या आहेत. सावकाश, एकेक अक्षर काढत, त्या नावाच्या वर त्यांनी दुसरं नाव लिहिलं. सोळा वर्षं झाली मी या घरात येऊन, मला ते माहीत नव्हतं. मामाजी पलीकडे बातम्या बघत होते, त्यांनी मान वळवून पाहिलं आणि टीव्हीचा आवाज कमी केला.

"लिव," सासूबाई म्हणाल्या. "दारव्ह्याच्या टेसनावर शकुंतला उभी होती, आन् मले खिडकीची जागा पाह्यजे होती."